समोरचा धडधडीत खोटं बोलतोय, तर तोंडावर सांगावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एका उमेदवाराच्या प्रचाराचं काम करतो. दोन आठवड्यांनी प्रतिस्पर्ध्याबरोबर जाहीर डिबेट आहे. तो माणूस आमच्याबद्दल धडधडीत खोटं बोलतो, आकडेही मनाचे सांगतो. आमच्यातले निम्मे म्हणतात, 'तुम्ही खोटं बोलताय' असं सगळ्यांसमोर ठणकावून सांगा, नाहीतर आपण मुळमुळीत दिसू. निम्मे म्हणतात, तसं केलं तर आपणच घसरलो असं दिसेल. कोणाचं ऐकावं?"

पूर्णपणे कोणाचंच नको. मी बरीच वर्षं उमेदवारांना अशा डिबेटसाठी तयार करतो. सरावात प्रतिस्पर्ध्याचं सोंग बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, त्यामुळे रेटून खोटं बोलण्याचा माझा सराव दांडगा आहे. मी एवढंच सांगू शकतो की खोटं बोलणाऱ्याला "खोटं!" या शब्दाची भीती वाटत नाही. उलट तो त्याची वाट बघत असतो. का, ते सांगतो.

तुम्ही प्रश्न धाडस विरुद्ध सभ्यता असा मांडला आहे. माझ्या मते खरा प्रश्न वेळेचा आणि पुराव्याचा आहे. उत्तराला तुम्हाला साठ सेकंद मिळतील, फार तर नव्वद. त्यातली किती सेकंद समोरच्या माणसाच्या स्वभावावर घालवायची आणि किती त्याच्या विधानावर, हे ठरवायचं आहे. आणि जो आरोप कराल तो त्याच साठ सेकंदांत सिद्ध करता येईल का?

इथे शब्दांची उतरंड नीट बघा. "हे चूक आहे" म्हटलं की बोलणं विधानाबद्दल असतं, एक कागद दाखवला की काम झालं. "हे खोटं आहे" जरा वरची पायरी, पण अजून विधानाबद्दलच. "तुम्ही खोटं बोलताय" म्हटलं की समोरच्याला खरं काय ते माहीत होतं आणि तरीही तो मुद्दाम वेगळं बोलला, हे दाखवणं तुमच्यावर येतं. म्हणजे त्याच्या डोक्यात काय होतं याचा पुरावा हवा. आणि "तुम्ही खोटारडे आहात" म्हटलंत तर माणसाचा सगळा इतिहासच मांडावा लागेल. तो साठ सेकंदांत मांडून दाखवलेला उमेदवार मी अजून पाहिलेला नाही. एकेका पायरीवर सिद्ध करण्याचं ओझं त्याच्याकडून तुमच्या डोक्यावर सरकत जातं. चतुर प्रतिस्पर्ध्याला हेच हवं असतं.

एक प्रसंग सांगतो. एका उमेदवार ताईंचा सराव चालला होता. मी प्रतिस्पर्धी झालो होतो. मी म्हणालो, "ज्या बैठकीचं श्रेय या घेतात, त्या बैठकीला या हजरच नव्हत्या." ताईंनी पोडियमवर हात आपटला. "खोटं! साफ खोटं बोलताय तुम्ही!" मी आवाज खाली आणून म्हणालो, "रागावू नका ताई. मग सांगा ना, काय ठरलं होतं तिथे?" त्यांना सगळं माहीत होतं, त्या स्वतः तिथे होत्या. पण रागात श्वास वर चढला, वाक्य अर्ध्यात तुटलं आणि वेळेचा लाल दिवा लागला. नंतर आम्ही ते रेकॉर्डिंग आवाज बंद करून लावलं. नुकत्याच कामाला आलेल्या दोन मुलांना विचारलं, यातलं कोण खोटं बोलतंय? दोघांनीही ताईंकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तोच आरोप मी पुन्हा केला. या वेळी ताई दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या बैठकीच्या इतिवृत्तावर दुसऱ्या पानावर माझी सही आहे. सहीच्या वर माझी हरकतही नोंदवलेली आहे. हे आज तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. एकदा ते पान वाचायला हवं होतं." एवढंच. "खोटं" हा शब्दही नाही. पण खोलीत मागे बसलेला एक जण हळूच म्हणाला, "सापडला." प्रतिस्पर्धी म्हणून मला पुढे काही बोलता येईना, आणि ते सोंग नव्हतं.

आता थोडा इतिहास. अमेरिकेतल्या अध्यक्षीय डिबेटची चित्रफीत आणि शब्दनोंद दोन्ही उपलब्ध असतात, म्हणून मी सरावाला तीच उदाहरणं वापरतो. 6 ऑक्टोबर 1976 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या डिबेटमध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला ऐकू आलं त्यावर विश्वास बसला नाही, त्याने पुन्हा विचारलं, आणि फोर्ड यांनी तेच आणखी ठासून सांगितलं. त्यांच्याविरुद्ध उभे असलेल्या जिमी कार्टर यांना "हे खोटं आहे" म्हणायची याहून सोपी संधी मिळाली नसती. ते काय म्हणाले? आपल्या देशातल्या पोलिश, चेक आणि हंगेरियन वंशाच्या लोकांना फोर्ड यांनी हे पटवून दाखवावं, मला बघायला आवडेल. त्यांनी फोर्ड यांच्या हेतूला हातच घातला नाही. ज्यांचे नातेवाईक त्या राजवटीखाली जगत होते त्या मतदारांनाच त्यांनी न्यायाधीश केलं. मी हे उदाहरण पहिल्याच दिवशी दाखवतो.

उलट बाजूचं उदाहरण बॉब डोल यांचं. अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला आधी एकेका राज्यात पक्षातल्याच लोकांशी लढावं लागतं. फेब्रुवारी 1988 मध्ये ते अशा लढतीत आयोवा राज्य जिंकून न्यू हॅम्पशायरमध्ये आले आणि तिथे जॉर्ज बुश यांच्याकडून हरले. बुश यांच्या जाहिरातीत डोल करांच्या मुद्द्यावर दोन्ही दगडांवर पाय ठेवतात असं रंगवलं होतं. निकालाच्या रात्री थेट प्रक्षेपणात निवेदकाने विचारलं, बुश यांना काही सांगायचंय का? डोल म्हणाले, माझ्या कामाबद्दल खोटं बोलणं थांबवा म्हणावं. त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. पण लोकांच्या लक्षात करांचा मुद्दा राहिला नाही, हरलेल्या माणसाचा आंबट चेहरा राहिला. त्यांच्यावर कडवटपणाचा शिक्का आधीपासून होताच, तो गडद झाला. त्याच एका वाक्यामुळे ते उमेदवारी हरले असं मात्र मी म्हणणार नाही. निवडणुका एका वाक्यावर फिरतात असं सांगणारा सल्लागार बहुधा पुढच्या कामाची बोलणी करत असतो.

तिसरं उदाहरण मला जरा अस्वस्थ करतं. 28 ऑक्टोबर 1980, क्लीव्हलंड. आता अध्यक्ष असलेल्या कार्टर यांनी आठवण करून दिली की प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन यांच्या राजकीय वाटचालीची सुरुवात मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या आरोग्य विम्याच्या विरोधातून झाली. रेगन हसले, मान किंचित हलवली आणि म्हणाले, "हे बघा, पुन्हा सुरू झालं तुमचं." प्रेक्षक खूश. ते वाक्य आजही सांगितलं जातं. गंमत अशी की कार्टर यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. 1961 मध्ये रेगन यांनी डॉक्टरांच्या संघटनेसाठी अशा सरकारी योजनेविरुद्ध भाषणाची ध्वनिमुद्रिका केली होती. रेगन यांचं स्पष्टीकरण होतं की आपला पाठिंबा दुसऱ्या विधेयकाला होता. म्हणजे "खोटं" हा शब्द न उच्चारता समोरच्याला खोटं पाडण्याची ही लकब खरं बोलणाऱ्याविरुद्धही तितकीच चालते. मी ती शिकवतो, पण शिकवताना मनात खुटखुट असते.

अभ्यास काय सांगतात? एक, 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी दाखवलं की विधान पुन्हा पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटू लागतं. म्हणून खोडून काढतानाही प्रतिस्पर्ध्याचं वाक्य जसंच्या तसं उच्चारू नका. "मी पैसे खाल्ले हे खोटं आहे" यातलं "पैसे खाल्ले" तेवढं लोकांच्या कानात राहतं. आधी खरं काय ते सांगा, मग चूक कुठे आहे ते, मग पुन्हा खरं. दोन, 1998 च्या एका अभ्यासात दिसलं की आपण दुसऱ्याला जो दुर्गुण चिकटवतो तोच ऐकणाऱ्यांच्या मनात नकळत आपल्यालाही थोडा चिकटतो. तीन, आणि हे तुमच्यातल्या ठणकावणाऱ्या निम्म्यांना दाखवा: ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात डोनाल्ड ट्रम्प यांची विधानं दुरुस्त करून त्यांच्याच समर्थकांना दाखवली. समर्थकांनी दुरुस्ती बऱ्यापैकी मान्य केली. माहिती सुधारली, पण उमेदवाराबद्दलचं मत जवळपास हललं नाही. तेव्हा "खोटं उघडं पाडलं की त्याची मतं ढासळतील" या हिशोबाने जाऊ नका. तुम्ही बोलता ते कुंपणावर बसलेल्यांसाठी आणि स्वतःच्या नावासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही म्हणता तो आकडे मनाचे सांगतो. खरंच मनाचे सांगतो का, ते तपासा. माझ्या अनुभवात राजकारणातलं निखळ खोटं कमी असतं. जास्त असतं ते "नरो वा कुंजरो वा" जातीचं. अश्वत्थामा मेला हे खरंच होतं, फक्त तो हत्ती होता. आकडा खराच असतो, पण तुलनेसाठी सोयीचं वर्ष निवडलेलं असतं, किंवा टक्केवारी सांगून मूळ संख्या गिळलेली असते, किंवा "मंजूर" आणि "पूर्ण" यांतला फरक पुसलेला असतो. अशा विधानाला खोटं म्हणालात की त्याच्या हातात आयतं कोलीत. तो शांतपणे म्हणेल, हा आकडा अधिकृत अहवालातला आहे, हा घ्या पान क्रमांक. आणि लोकांसमोर खोटे तुम्ही ठरता. त्याऐवजी म्हणा, "आकडा बरोबर आहे. वर्ष सांगायचं राहिलं." मग वर्ष सांगा आणि त्याच्या आदल्या वर्षाचा आकडा सांगा. अर्ध्या सत्याला उरलेलं अर्ध सत्य जोडून द्यायचं, त्याला झोडपत बसायचं नाही.

शब्द न तपासता आरोप केला तर काय होतं याचं उदाहरण 16 ऑक्टोबर 2012 च्या डिबेटचं आहे, अध्यक्ष बराक ओबामा विरुद्ध मिट रॉम्नी. लिबियातल्या बेनगाझी शहरात अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्याला अध्यक्षांनी दहशतवादी कृत्य म्हणायला 14 दिवस लावले, असं रॉम्नी ठामपणे म्हणाले. ओबामा म्हणाले, बोला, पुढे बोला. सूत्रसंचालक कँडी क्राउली यांनी तिथेच सांगितलं की ओबामा यांनी तो शब्द वापरला होता. ओबामा म्हणाले, जरा मोठ्याने सांगता का? सभागृह हसलं. वास्तविक रॉम्नी यांच्या मुद्द्यात काही दम होता, आणि क्राउली यांनी लगेच तेही सांगितलं की सरकारकडून पूर्ण चित्र यायला दोनेक आठवडे लागले. ते कोण ऐकतंय? एक शब्द नीट न वाचल्यामुळे रॉम्नी यांचा बाकीचा मुद्दा वाहून गेला. "बोला, पुढे बोला" असं समोरचा म्हणाला की तुमच्या उमेदवाराने तिथेच थांबायला शिकलं पाहिजे. पुढे खड्डा असतो.

इथवर मी जणू "कधीच म्हणू नका" असं सांगतोय. तसं नाही. परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे.

ऐकणारे कोण, हे पहिलं. सप्टेंबर 2009 मध्ये ओबामा अमेरिकी संसदेसमोर भाषण करत असताना जो विल्सन हे विरोधी सदस्य मध्येच "तुम्ही खोटं बोलताय!" असं ओरडले. त्यांनी माफी मागितली, सभागृहाने 240 विरुद्ध 179 मतांनी नापसंतीचा ठराव केला. पण काही दिवसांतच त्यांच्याकडे दहा लाख डॉलरहून जास्त निधी जमला आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. (त्यांच्या विरोधकाकडेही तसाच पैसा जमला, हे सांगायला लोक विसरतात.) आपल्याच पक्क्या माणसांना पेटवायचं असेल तर हा शब्द काम करतो. कुंपणावरच्यांना जिंकायचं असेल तर मला शंका आहे.

उमेदवार किती, हे दुसरं. दोघंच असतील तर त्याचा तोटा तो तुमचा फायदा असू शकतो. चार-पाच जण असतील तर भांडणारे दोघं बुडतात आणि गप्प बसलेला तिसरा वर येतो. 2004 मध्ये आयोवात पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या लढतीत हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट एकमेकांवर तुटून पडले. जॉन केरी पहिले आले, जॉन एडवर्ड्स दुसरे; डीन तिसरे आणि गेपहार्ट चौथे.

तिसरं, सूत्रसंचालक तथ्य तपासणार आहे का? हे आयोजकांना आजच विचारा. 2024 मध्ये जूनच्या अटलांटातल्या डिबेटला सूत्रसंचालकांनी विधानं दुरुस्त केली नाहीत, सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात वेगळ्या वाहिनीच्या सूत्रसंचालकांनी काही जागी केली. एकाच निवडणुकीत दोन तऱ्हा. तपासणारा कोणी असेल तर तुमचे श्वास वाचवा, नसेल तर ते काम तुमचं.

विधिमंडळात बोलणं असेल तर नियम पुन्हा निराळे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दुसऱ्या सदस्याला खोटं बोलतो म्हणता येत नाही. जुलै 2021 मध्ये डॉन बटलर यांनी पंतप्रधानांबद्दल तसं म्हटलं, शब्द मागे घ्यायला नकार दिला आणि त्यांना त्या दिवसापुरतं बाहेर जावं लागलं. डिबेटच्या मंचावर असा नियम नसतो, पण अब्रुनुकसानीचा कायदा असतो. "खोटारडा", "चोर" असे शब्द वापरायचे ठरलेच तर आधी वकिलाला दाखवा. मी त्यात मत देत नाही.

मी स्वतः उमेदवाराला "तुम्ही खोटं बोलताय" म्हणायला केव्हा सांगतो? विधान वस्तुस्थितीचं असेल, मताचं नव्हे. ते चूक असल्याचं प्रतिस्पर्ध्याला आधी लेखी कळवलेलं असेल आणि त्याची तारीख तुमच्याकडे असेल. त्यानंतरही तो तेच बोलला असेल. आणि तुमचा उमेदवार स्वतः त्या बाबतीत स्वच्छ असेल. या चारही गोष्टी जुळल्या की मग कुजबुजू नका, सरळ म्हणा: "अमुक तारखेला तुम्हाला ही कागदपत्रं पाठवली. ती मिळाल्याची पोच आहे. तरी तुम्ही आज तेच बोललात. याला माझ्याकडे खोटं बोलणं याशिवाय शब्द नाही." इथे शब्द शेवटी आला आहे, पुराव्यानंतर. एकदाच आला आहे. आणि आवाज चढलेला नाही. संपूर्ण डिबेटमध्ये अशी एक संधी मी धरतो. दुसऱ्यांदा वापरलात की पहिल्याची धार जाते.

2020 च्या क्लीव्हलंडच्या डिबेटमध्ये जो बायडन ट्रम्प यांच्याबद्दल म्हणाले की मी यांची खोटी विधानं मोजायला आलेलो नाही, हे खोटारडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायडन निवडणूक जिंकले, तेव्हा शब्द नडला असं म्हणता येत नाही. पण ती रात्र कोणाला आठवत असेल तर मधे मधे बोलण्यासाठी. शेवटच्या डिबेटला आयोजकांना मायक्रोफोन बंद ठेवण्याची सोय करावी लागली.

एक डावपेच मात्र ओळखून ठेवा. काही प्रतिस्पर्धी एका दमात आठ-दहा चुकीची विधानं सोडतात. एकेक खोडत बसलात तर तुमचा वेळ संपतो आणि उरलेली सहा खरी वाटतात. अशा वेळी सगळ्यांत ढोबळ एकच विधान उचला, ते पुराव्यानिशी पाडा आणि म्हणा, "बाकीची याच मापाची आहेत, त्यांची उत्तरं कागदावर दिली आहेत." मग स्वतःच्या मुद्द्यावर या. सगळ्यांत ढोबळ म्हणजे सगळ्यांत झोंबणारं नव्हे, हे उमेदवाराला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ज्या विधानाने त्याची झोप उडाली असते ते बहुधा सिद्ध करायला सगळ्यांत अवघड असतं.

तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. पहिल्या तीन दिवसांत प्रतिस्पर्ध्याची शेवटच्या सहा महिन्यांतली भाषणं काढून नेहमीची दहा-बारा विधानं लिहा. प्रत्येकापुढे मांडा: चूक, अर्धवट, मत, की खरंच. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर यादी पुन्हा करा, कारण तुम्ही ती रागात केली आहे. जी निखालस चूक आहेत त्यांबद्दल त्याच्या कार्यालयाला लगेच पत्र पाठवा आणि पोच घ्या. दोन आठवड्यांनी ती पोच कामाला येईल. मग हीच यादी स्वतःच्या उमेदवाराची करा. हे काम कोणाला आवडत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याने ते नक्की केलेलं असतं. आपली चूक सापडली तर डिबेटच्या आधी आपणच दुरुस्त करा, जमलं तर जाहीरपणे.

मग प्रत्येक विधानाला वीस सेकंदांचं उत्तर, घड्याळ लावून, उभं राहून. कागदपत्रांच्या प्रती पत्रकारांसाठी वेगळ्या ठेवा आणि उमेदवार बोलत असतानाच वाटा, नंतर नव्हे. आणि सरावात प्रतिस्पर्धी म्हणून उमेदवाराचा लाडका कार्यकर्ता उभा करू नका, तो कच खातो. थोडा उद्धट, थोडा बाहेरचा असा कोणीतरी शोधा आणि त्याला सांगून ठेवा की उमेदवार चिडेपर्यंत थांबायचं नाही. चिडायचं असेल तर ते त्या खोलीत होऊन जाऊ दे.